हळदीच्या दिवशी स्मार्ट लॉक

बाळारामभाऊंच्या हातात पहार होती. बाकी सगळ्यांच्या हातांना हळद होती. मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा ही मंडळी एका बंद दारासमोर उभी होती, आणि दारावर मीच बसवलेलं स्मार्ट लॉक लाल दिवा लुकलुकवत होतं.

"आला लॉकवाला," कोणीतरी म्हणालं. "सरका, त्याला आत जाऊ द्या."

आत जाता येत नव्हतं म्हणूनच मला बोलावलं होतं.

मी उल्हासनगरच्या एका डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर आहे. आधी टीव्ही दुरुस्त करायचो, मग इन्व्हर्टर, मग सीसीटीव्ही. आता कुलपं. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात नव्या बिल्डिंगांमध्ये फ्लॅटबरोबर असलं लॉक द्यायची फॅशन आलीय. हे मॉडेल तर नवंकोरं. त्याच्या लॉन्चला आम्हाला एका हॉटेलात नेलं होतं. स्टेजवर धूर सोडला. धुरातून एक दार पुढे आलं. नुसतं दार, घर नाही. सुटातला एक माणूस त्याच्याकडे बघून हसला, दार उघडलं, टाळ्या पडल्या. "चावी हा आता भूतकाळ आहे," सूट म्हणाला. आम्हाला दिलेल्या खोल्यांना मात्र साध्या चाव्या होत्या, त्याही रिसेप्शनवर सही करून घ्यायच्या.

बाळारामभाऊ सोनिवलीचे. वडिलोपार्जित जमीन बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात ते राहतात. दुसऱ्या दिवशी मुलाचं, प्रणयचं, लग्न होतं. त्या दिवशी हळद. मांडव खाली पार्किंगमध्ये, डीजेही तिथेच. देवक मात्र वर घरात बसवलेलं, त्याच्यापुढे समई. ही समई लग्न लागेपर्यंत विझू द्यायची नाही. दुपारी तेल घातलेलं. आता पुन्हा घालायची वेळ टळत होती, आणि दार लागलेलं.

प्रणयची आई, वनिताताई, पायरीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. नुसत्या दाराकडे बघत होत्या. शेजारच्या फ्लॅटच्या गॅलरीतून आतली समई दिसत होती. गॅलरीला दोन्हीकडून जाळी, त्यामुळे दिसायची तेवढीच. तिथली एक बाई येऊन बातमी देऊन जायची, "वहिनी, अजून हाय. पन बारीक झालीय."

"दार लागलं कसं?" मी विचारलं.

या लॉकला ऑटो-लॉक असतं. म्हणजे दार टेकलं की आपोआप कुलूप पडतं. घरच्यांना ते पहिल्या दिवसापासून आवडलेलं नव्हतं. इथे कार्य असलं की घराचं दार दिवसभर सताड उघडं असतं, येणारा-जाणारा विचारत नाही. म्हणून त्यांनी दाराच्या फटीत एक चप्पल अडकवली होती. डोंबिवलीहून आलेल्या एका मावशींना ती दिसली. देवक बसलेल्या घराच्या उंबऱ्यावर चप्पल? त्यांनी ती उचलून रॅकमध्ये नीट ठेवली आणि नवरदेवाला हळद लावायला खाली गेल्या. दार लागलं.

या लॉकला उघडायचे पाच मार्ग आहेत. बोट, चेहरा, पिन नंबर, मोबाइलवरचं ॲप आणि अगदीच अडलं तर लोखंडी चावी. ब्रोशरमध्ये लिहिलंय की एक मार्ग बंद पडला तरी चार उरतात.

"पिन टाका," मी म्हणालो.

प्रणयची बहीण प्राची म्हणाली, "पिन दादाने बंद केलाय. केटररवाल्यापर्यंत सबको मालूम था. सगळा बाजार घरात येत होता."

"मग ॲप?"

"ॲप दादाच्या फोनमध्ये. फोन आत चार्जिंगला."

मी माझ्या फोनवर ॲप उघडलं, प्रणयच्या नंबरने लॉगिन करायला घेतलं. ओटीपी पाठवला असं स्क्रीनवर आलं. बंद दाराआडून टिंग असा आवाज आला. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. मावशी म्हणाल्या, "आला बघ मेसेज."

"चावी कुठे आहे?" मी विचारलं.

प्राचीने आईकडे बघितलं. मग वनिताताई म्हणाल्या, "देवाऱ्यात."

"कुठल्या?"

"आतल्या. दुसरा कुठला असनार भाऊ? नवीन वस्तूची चावी. पूजा करून देवापुढं ठेवलीय. वरीसभर हलवायची नाय."

त्या पूजेला मी हजर होतो. पेढाही खाल्ला होता. दोन्ही चाव्यांना कुंकू लावलेलं मी पाहिलं, आणि एक तरी बाहेर ठेवा हे सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये देव्हारा हा विषय नव्हता.

उरले बोट आणि चेहरा. चेहरा फक्त प्रणयचा भरलेला होता, म्हणून त्याला वर आणलं. त्याचा चेहरा म्हणजे हळदीचा थर होता. कपाळापासून गळ्यापर्यंत, कानातसुद्धा. वर टोपी. तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. कुलपाने इंग्रजीत सांगितलं की ही व्यक्ती अनोळखी आहे.

"तोंड धू," मी म्हणालो.

"नाय," वनिताताई उठून उभ्या राहिल्या. "हळद उतरवायची ती उद्या आंघोळीला. आज पानी लावायचं नाय."

"आई, मजाक चाललाय का इथे?" प्रणय म्हणाला.

"तुझं लगीन हाय ते. मजाक नाय."

मग बोटं. बाळारामभाऊंनी हात धुतले, पुसले, बोट ठेवलं. नाही. त्यांची बोटं बसवायच्या दिवशीही नीट वाचली जात नव्हती, जन्मभर मातीत काम केलेली. वनिताताई आणि प्राचीच्या बोटांवर मेंदी, मेंदीवर हळद, हळदीत तेल, धुऊनही न निघणारं; प्रणयच्या हातांना तर पाणीच लावायचं नव्हतं. सेन्सर म्हणजे बोट वाचणारी ती छोटी काच. ती तर पुरणपोळीसारखी झाली होती. मी रुमालाने पुसायचो, तोवर मागून कोणीतरी काका हात घालून आपलं बोट टेकवायचे.

"काका, तुमचं बोट यात नाहीये."

"बघायला काय जातंय? लागलं तर लागलं."

आल्यापासून लाल दिवा का लुकलुकतोय ते मला तेव्हा कळलं. लागोपाठ चुकीची बोटं लागली की हे कुलूप काही मिनिटं गोठतं, कोणाचंच ऐकत नाही. चोरासाठी केलेली सोय आहे. इथे मी यायच्या आधी मांडवातल्या प्रत्येकाने वर येऊन मदत म्हणून एकेक बोट लावलं होतं. गोठणं संपायचं, पुढचे मदतनीस हजर. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि जाहीर केलं की आता कोणीही हात लावायचा नाही. त्यावर एक आजोबा म्हणाले, "दार लोकांचं, हुकूम याचा."

मी आमच्या शेठना, हरेशशेठना, फोन लावला.

"शेठ, ड्रिल मारावं लागेल."

"अरे साईं, ड्रिल नहीं. त्या साइडला आपला पहला पीस आहे. तोडला तर बाकीचे लोग क्या बोलेंगे? हेल्पलाइनला टिकट टाक."

हेल्पलाइनवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की तक्रार नोंदवली आहे आणि आमचे तज्ज्ञ दोन कामाच्या दिवसांत भेट देतील. भेट देणारा तज्ज्ञ मीच असतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "थँक यू सर, आणखी काही मदत करू शकते?"

गॅलरीतली बाई आली. "वहिनी, वात खाली बसलीय."

बाळारामभाऊंनी पहार उचलली. "व्हा बाजूला. दार गेलं तर गेलं. नवीन लावू."

"आज उंबऱ्याला घाव नको," वनिताताई म्हणाल्या. "पोराचं देवक बसलंय आत."

"मग दिवा विझू दे?"

खाली डीजेने नवीन गाणं लावलं. मी दाराला टेकून उभा होतो आणि बसवायचा दिवस आठवत होतो. या घरात मी किती जणांची बोटं घेतली होती? भाऊ, ताई, प्रणय, प्राची. आणि अजून एक. स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आलेल्या एक बाई. त्यांचं बोट एका झटक्यात वाचलं गेलं होतं.

"पाचवं बोट कोणाचं होतं?" मी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग प्राची म्हणाली, "सुमनकाकूचं."

"त्या कुठे आहेत? हात धुऊन यायला सांगा त्यांना."

"तिचे हात धुवायला नको," प्राची म्हणाली. "ती हळदीत नाहीये."

सुमनकाकू म्हणजे बाळारामभाऊंच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ वारला तेव्हापासून त्या इथेच राहतात, घर त्याच चालवतात. हळदीत का नाहीत, हे मी विचारलं नाही. उत्तर मलाही माहीत होतं, माझ्या घरीही तसंच चालतं. सवाष्णी हळद लावतात. काकूंना दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये पाहुण्यांची तान्ही पोरं सांभाळायला बसवलं होतं. त्यांचं नाव आतापर्यंत कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांची आठवण येऊ नये अशीच सगळी व्यवस्था होती, आणि ती चोख होती.

प्राची धावत खाली गेली. मी सेन्सर पुसला, गोठणं संपायची वाट बघितली. काकू वर आल्या तेव्हा जिन्यातली माणसं आपोआप भिंतीला लागली. त्यांच्या खांद्यावर एक बाळ झोपलेलं. काकू दाराशी आल्या आणि थांबल्या. बोट पुढे केलं नाही. थोरल्या जावेकडे बघितलं.

"वहिनी, मी उघडू?"

डोंबिवलीच्या मावशी काहीतरी बोलणार होत्या. वनिताताईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "उघड," त्या म्हणाल्या.

काकूंनी बाळ प्राचीकडे दिलं, बोट ठेवलं. हिरवा दिवा. 'वेलकम होम,' कुलूप इंग्रजीत म्हणालं. काकू लगेच एका बाजूला झाल्या. वनिताताई आत धावल्या. आम्ही बाहेर थांबलो. आतून भांड्यांचा आवाज आला.

"सुमन, तेल कुठं?"

"फ्रिजवर. पितळी झारीत," काकू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या.

मग झारी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हात तेलकट झालेत माझे. वात सरकत नाय." मग परत हाक आली. "सुमन, तू ये नि सरकव."

काकू तिथेच उभ्या राहिल्या. बाळारामभाऊंनी पहार भिंतीला टेकवली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "जा की. बोलावतेय ना ती."

काकू गेल्या. समई वाचली. मला ते गॅलरीतल्या बाईकडून कळलं, कारण मी उंबऱ्यावर बसून चपलेच्या जागी लाकडाची पाचर मारत होतो आणि प्रणयच्या फोनमधल्या ॲपमधून ऑटो-लॉक बंद करत होतो. काम आटपून उठलो तेव्हा काकू बाहेर आल्या, प्राचीकडून बाळ घेतलं आणि पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेल्या. त्यांना कोणी हळद लावली नाही. मी पाहिलं तेवढं सांगतोय.

लग्न व्यवस्थित झालं म्हणे. पुढच्या आठवड्यात बाळारामभाऊंनी मला बोलावून लॉकच्या वर साधी कडी लावून घेतली. हरेशशेठ खूश होते, पीस वाचला म्हणून. कंपनीच्या ॲपमध्ये तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं. यंत्रातला दोष, नेटवर्क किंवा वापरणाऱ्याची चूक. मी वापरणाऱ्याची चूक निवडलं. कोणती, ते लिहायला जागा नव्हती.

आता कुठेही लॉक बसवायला गेलो की एक चावी बाहेर ठेवायला सांगतो, देवाची माफी मागून. आणि बोटं घेण्याआधी एक प्रश्न विचारतो. घरात कार्य असलं की बाजूला बसणारं माणूस कोण? पहिलं बोट त्याचं घेतो. लोक आधी म्हणतात, आमच्याकडे तसं काही नाही. मग कोणीतरी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारतं.