आईला न दिसणारं रिव्हॉल्व्हर

बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती बुऱ्हाणपूरच्या एका बंदुकीच्या दुकानात. घरातला मी पहिला पदवीधर, नोकरी टिकवायचीच होती, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मी आदरानेच बघायचो.

एका दुपारी निंबोल्याकडचे एक केळीव्यापारी परवाना घेऊन आले. वाटेत कुणीतरी त्यांची गाडी अडवली होती, म्हणून त्यांना कुर्त्याखाली लपेल असं छोटं रिव्हॉल्व्हर हवं होतं. आईला कळलं तर ती घराबाहेर पडू देणार नाही, ही खरी धास्ती.

त्यांनी नेम धरून पाहिलाच नाही. रिकामं रिव्हॉल्व्हर पाठीमागे कमरेला खोचलं आणि वाकून थेट माझ्या पायांना हात लावला.

मी उडालोच. "अहो शेठ, माझ्या काय पाया पडता!"

"हलू नको रे भैया. चोर कधीतरी येईल, आईच्या पाया रोज पडावं लागतं. मागून दिसतंय का, ते बघ."

दर वेळी वेगळं रिव्हॉल्व्हर, असे बरेच नमस्कार घेतल्यावर त्यातलं एक दिसेना. ते खुशीत घेऊन गेले.

आठवड्याने पुन्हा आले, चेहरा पडलेला.

"दिसलं का हो?"

"नाही रे. आशीर्वाद देताना ती पाठीवरून हात फिरवते, तेच मी विसरलो."

"मग? रागावल्या?"

"हसली. म्हणाली, तुझा बाप पण इथंच खोचायचा."