तीन भिंतींचा मनोरा

पोंभुर्ण्याच्या रस्त्याला, आमच्या गावाबाहेर सागाच्या झाडीत एक कबर आहे. आत निजलेला माणूस तापावर औषध द्यायचा, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. मुसलमान म्हणतात तो फकीर होता, ख्रिस्ती म्हणतात मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर. पुरावा दोघांकडेही नाही, म्हणून भांडणही नाही.

आधी कबरीवर सागाचे चार खांब आणि गवताचं छप्पर होतं. लाकूड डेपोत कामाला आलेल्या मुसलमानांनी विटांच्या भिंती घालून वर घुमट चढवला आणि कबरीचा दर्गा झाला. पुढे ख्रिस्ती घरांनी घंटेसाठी मनोरा काढला. विटा तीन भिंतींपुरत्याच जमल्या, म्हणून चौथी दर्ग्याचीच वापरली. या शैलीला पुस्तकांत नाव नाही. मी शोधलं आहे. गावाचा नियम मात्र पक्का: ज्यानं बांधलं त्यानंच पाडायचं. दुसऱ्याच्या विटेला हात लावायचा नाही.

मागे सुशोभीकरण मंजूर झालं. पाटी आधी आली, इंजिनिअर नंतर. त्यानं तिपाईवर यंत्र लावलं आणि सांगितलं, मनोरा घुमटावर रेलतोय, पावसाळ्यात त्याला घेऊन बसेल. दोन्हींतलं एकच राहील. मला वाटलं, आता बैठका होतील, हारतुरे होतील आणि तोवर पाऊस येईल.

गावात ख्रिस्ती घर एकच उरलं होतं, एका म्हाताऱ्या बाईचं. मनोरा तिच्या सासऱ्यानं रचलेला. चार-सहा दिवसांनी मी तिकडे गेलो तर झाडीच्या वर मनोरा दिसेना. रस्ता चुकलो असं वाटलं. जवळ गेलो तर बाई विटांच्या ढिगावर बसलेली, डोक्यावर चुन्याची धूळ, शेजारी गोणपाटावर घंटा. पहिला घाव तिनं घातला होता, पुढचं काम बल्लारपूरहून आलेल्या भाच्यांनी केलं होतं.

दर्ग्याचे म्हातारे मुजावर धापा टाकत आले.

"बाई, काऊन पाडलं? मले सांगितलं असतं तं मीच घुमट उतरवला असता."

"म्हनून तं नाई सांगितलं, भाऊ."

ते आणखी काही बोलणार तोच आतून कर्रकन आवाज आला. जिथे मनोरा टेकलेला होता, तिथली भिंत आमच्या डोळ्यांदेखत बाहेर फुगली आणि एक चीर वर घुमटापर्यंत धावत गेली. मनोरा घुमटावर रेललेला नव्हता. घुमट मनोऱ्याला रेलून उभा होता. घुमट भिंतींना बाहेर ढकलतो, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं अंगावर येताना पाहिलं नव्हतं. माझे पाय जागचे हलेनात; मुजावरांनी दंड धरून मागे ओढलं.

सगळ्यांत आधी बाईला वाचा फुटली. "मंग भाऊ, इतकी वर्षं आमच्या भरोशावर ऐट करून राह्यले होते?"

"हसू नका बाई, अजून पडून राह्यलं ते."

भिंतीला टेकू म्हणून सागाच्या बल्ल्या लावल्या. इंजिनिअरला फोन केला. यंत्र तपासतो म्हणाला. ते अजून तपासून व्हायचं आहे.

मनोरा पावसाआधी उभा राहणं भाग होतं. भाचे बल्लारपूरला परतले होते; हात मुसलमानांकडे होते, पण नियमाप्रमाणे त्यांनी रचला तर तो त्यांचा होणार. बाईला ते कबूल नव्हतं. मग गवंड्यानं मसाला पसरायचा, मुजावरांनी वीट उचलून द्यायची आणि बाईनं ती स्वतः बसवायची, असं ठरलं. काम मुंगीच्या पावलानं चाललं. आभाळ भरून येत होतं, बल्ल्या कुरकुरत होत्या. भिंत बाईच्या खांद्यापर्यंत आली. ती शिडीच्या पहिल्या पायरीवर चढली आणि तिचा पाय घसरला.

मुजावरांनी शिडी धरली, पण पुढे चढू दिलं नाही. "बाई, उतरा. वरचं आमी रचतो."

"मंग उद्या पाडाचं काम पडलं तं पाडाचं कोनं?"

"कोनीच नाई," मुजावर म्हणाले.

बाई उतरली.