आत्याचे ठोकळे

आत्याला आजवर कुणी नम्र म्हटलेलं नाही, आणि म्हटलं असतं तर तिला ते आवडलंही नसतं. तिचा धाकटा भाऊ कातारी. लेथवर लाकूड फिरवून टेबल-खुर्च्यांचे गोल गरगरीत पाय काढणारा. गिऱ्हाइकांच्या तोंडी नाव त्याचंच. पण लेथवर चढण्याआधी लाकडाचा नेमका चौकोनी ठोकळा व्हावा लागतो, आणि तो मागच्या खोलीत, टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीवर, आत्या करते. मी सरळ कापते म्हणून हा गोल कातू शकतो, हे ती येईल त्याला ऐकवते.

अलीकडे भावाने टुमणं लावलं होतं: बाजारात तयार ठोकळे मिळतात, ताई, तू आता आराम कर. आराम म्हटलं की आत्याच्या कपाळाला आठ्या पडत. दहाही बोटं शाबूत, नजर अशी की दुसऱ्याच्या कामातली केसभर चूक दारातूनच दिसावी. अशा बाईने आराम करायचा म्हणजे करायचं तरी काय? पण भावाने ठरवूनच टाकलं. त्याच्या मुलीच्या नव्या घरासाठी टेबल व्हायचं होतं. त्या टेबलाच्या पायांचे चार ठोकळे आत्याने कापायचे, मग करवत बंद.

भाचीला ते पाय आजोबांच्या लाकडाचेच हवे होते. आजोबा ज्या बाकावर काम करत, त्याची जाड सागवानी फळी तेवढी उरली होती. तिच्यातून जेमतेम चार पाय निघत होते. फळीची एक कड ठोके खाऊन झडली होती. तेवढी पट्टी सोडून भावाने रेषा आखल्या.

जुनं लाकूड कापण्याआधी दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवायचं, ही आत्याची सवय. भाऊ याला तिची भुताटकी म्हणे. दुसऱ्या पायाच्या ऐन मध्यावर चुंबक खाली ओढलं गेलं. आत डोकं तुटलेला खिळा होता. आत्याने तो पकडीने उपसून काढला, पण मागे बोटाच्या पेराएवढं खोल भोक राहिलं.

भावाने हिशोब केला. तीनच पाय धड निघणार. चौथ्यात भुसा आणि सरस भरून वरून रंग मारू, म्हणाला. आत्याचा पारा चढला. वडिलांच्या लाकडाला रंग? तिने त्याच्या रेषा खोडल्या आणि सगळ्या झडलेल्या कडेकडे सरकवून नव्याने आखल्या. आता भोक दोन पायांच्या बरोबर मधे आलं. बरंचसं करवत खाणार, उरलेलं ठोकळ्यांच्या कोपऱ्यांत जाणार. कडेच्या ठोकळ्याला मात्र एक कोपराच नव्हता.

"असला तुटका ठोकळा मी लेथवर चढवू?" भाऊ म्हणाला.

"चढव की. गोल करताना चारही कोपरे तू उडवतोसच. एक आधीच उडालाय."

भावाने फळी उचलून करवतीपाशी ठेवली.

दुसरी फळी नव्हती. करवत सुरू करताना आत्यालाही धाकधूक होती, पण तिने ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही. फळी करवतीशेजारच्या लोखंडी पट्टीला घट्ट टेकवून ती एका चालीने ढकलत राहिली आणि शेवटची वीतभर काठीने पुढे सारली. चारही ठोकळे निघाले. मग लेथ फिरला, ढलप्या उडाल्या. प्रत्येक पाय उतरवला की भाऊ त्यावरून अंगठा फिरवून भोक शोधायचा. शोधून शोधून दमला.

भाची पाय न्यायला आली. हातात घेऊन बघतच राहिली. बाबा, काय सुरेख कातलेत, म्हणाली.

"कातले मी," भाऊ म्हणाला. "पण या फळीत चार पाय आहेत हे तुझ्या आत्याला दिसलं. मला तीनच दिसले होते."

आत्याचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि तिने तो लपवायचा प्रयत्नही केला नाही. भाची गेल्यावर भाऊ जरा वेळ लेथ पुसत राहिला. मग मान वर न करताच म्हणाला, "ताई, उद्या खुर्च्यांचे ठोकळे लागतील."

"आधी माझ्या पात्याला धार लावून आण," आत्या म्हणाली.

तो पातं घेऊन गेला.