काळूराम भाऊंचा फोटो आणि क्लाउडची बादली

आमच्या चाकणच्या कंपनीत फायली साठतात तसेच किस्सेही साठतात राव. टाकून कुणीच देत नाही, आणि सगळं माझ्या गळ्यात, कारण आयटीत मी एकटा. जुना सर्व्हर बंद करून त्यातले फोटो, व्हिडिओ, स्कॅन मी क्लाउडवर चढवले, आणि त्याच आठवड्यात क्वालिटीच्या काळूराम भाऊंना नोटीस आली. तडे गेलेल्या ब्रॅकेटचा लॉट त्यांनी गेल्या वर्षी न तपासता सोडला म्हणे. तपासल्याचा फोटो तीन दिवसांत दाखवा, नाहीतर घरी बसा.

*

क्लाउडवरच्या या साठ्याला बकेट म्हणतात. बादलीच ती. आत कप्पे नाहीत. वस्तूला नाव द्यायचं, त्या नावानं हाक मारली की ती वर येते. भाऊंना विचारलं, फोटोला नाव काय दिलं होतं?

"फोटोचं कुणी बारसं करतं व्हय?"

*

मग 'फायनल' शोधलं. 'फायनल नवीन', 'फायनल खरं', आणि एक 'हेच बघा'. उघडलं तर कँटीनचा मेनू.

*

मग तारखेनं शोधलं, तर लॉट गेला तो दिवस नेमका खंडेनवमीचा. प्रत्येक खात्यानं हार घातलेल्या मशीनचे फोटो काढलेले, वर एकमेकांचेही आपल्याकडे ठेवलेले. एकच प्रेस मी सतरा वेळा पाहिली. शेवटी हात जोडले.

*

दुसऱ्या दिवशी डबा खाताना भाऊ सहज म्हणाले, फोटो आमी ग्रुपवर टाकायचो की! तो व्हॉट्सॲप ग्रुप कधीच बंद पडला, भाऊंचा मोबाईलही बदलला. पण त्याचा बॅकअप जुन्या सर्व्हरवर होता. त्यात नुसते 'शुभ सकाळ'. चढवतानाच मी तो गाळणार होतो, पण निवडत बसायचा कंटाळा आला. जन्मात पहिल्यांदा आळस कामी आला.

दोन गुलाबांच्या मध्ये फोटो सापडला. तडा गेलेला ब्रॅकेट, त्यावर भाऊंची लाल खडूची फुली. खाली प्लांट मॅनेजर साहेबांचं उत्तर: "जाऊ द्या, गाडी उभी आहे."

भाऊंनी डोळे पुसले.

*

मी ते सगळं साहेबांना दाखवलं. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि हळूच विचारलं, एवढं डिलीट होईल का?

म्हटलं, नाही साहेब. ऑडिटसाठी सात वर्षं कुणालाच काही पुसता येणार नाही, असा लॉक लावलाय. लॉकच्या फॉर्मवर सही तुमचीच आहे.

साहेबांनी एचआरला फोन लावला.

"काळूरामची नोटीस फाडून टाका. ती तरी कागदावरच आहे ना?"