जिन्याच्या पायऱ्यांचा बेंच

रुग्णालयातल्या त्या शेवटच्या संध्याकाळी ताई माझ्याशी आजाराबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती कॉटशेजारच्या टेबलाकडे बघत होती. पाण्याचा पेला ठेवला की ते टेबल एका बाजूला कलायचं आणि पाणी हिंदकळायचं. तिला ते आल्यापासून खुपत असणार, कारण मी जाऊन बसते न बसते तोच तिने बोट दाखवलं. "कुमू, त्याच्या पायाखाली काहीतरी घाल गं. हलतंय ते." माझ्याजवळ पुस्तकाशिवाय काही नव्हतं. मी पुस्तकातली जाड कागदाची खूण काढली, दुमडली आणि पायाखाली सरकवली. ताईने हात लांबवून टेबलाची कड दाबून पाहिली, मग डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळत असताना फोन आला... ती खूण तिथेच राहिली. पुस्तक कुठवर वाचून झालं होतं ते मला अजून सापडलेलं नाही. खरं म्हणजे मी शोधलेलंही नाही.

सुलभाताई माझी थोरली बहीण. दादरच्या एका मुलींच्या शाळेत ती हस्तकला शिकवायची, आणि मी ग्रंथालयात नोकरी केली. आम्ही दोघींनीही लग्न केलं नाही. का, हे विचारणारी माणसंही आता उरलेली नाहीत. लालबागच्या चाळीत आईवडिलांच्या खोलीतच आमचं आयुष्य गेलं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते गिरणीच्या सुतारखात्यात होते आणि सुट्टीच्या दिवशी घरासमोरच्या गॅलरीत कुणाची फळी, कुणाचा देव्हारा असं काही ना काही करत बसायचे. त्यांच्याकडे बेंच नव्हता. दोन पाट उभे करून त्यावर फळी टाकायची, एका टोकाला कुणीतरी बसायचं आणि दुसरं टोक त्यांनी कापायचं, अशी ती पद्धत. बसायला आम्हा दोघींपैकी एक लागायची. ताईने लहानपणीच त्यांच्याकडून करवत मागून घेतली. मग वजन म्हणून मी उरले. "बस गो हयसर," भाऊ फळीच्या टोकाकडे बोट करून म्हणायचे, आणि मी पुस्तक घेऊन बसायची.

करवत चालू झाली की तिची थरथर फळीतून माझ्यापर्यंत यायची आणि पुस्तकातली अक्षरं हलू लागायची. हलणारी अक्षरं वाचायची मला सवयच झाली. एकच अडचण होती. पान उलटताना मी थोडी हलायची, आणि तेवढ्याने काप वाकडा जायचा. त्यावरून पहिल्यांदा भांडण झालं, मग ताईने नियम केला की पान संपलं की मी नुसतं "हं" म्हणायचं, ती करवत थांबवेल, मी उलटेन, मग पुढे. भाऊ गेल्यावर त्यांची हत्यारं ताईकडे आली आणि फळीचं ते टोक माझ्याकडेच राहिलं. पुढे पुढे मला "हं" म्हणावंही लागेना. माझा अंगठा पानाच्या कोपऱ्याकडे सरकला की करवत थांबलेली असायची. ती माझ्याकडे कधी बघायची, मला कळलं नाही. माझ्या पुस्तकांची सगळी कपाटं अशीच झाली, माझीच पुस्तकं वाचता वाचता.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा आम्हाला शिवडीत तळमजल्यावरची भाड्याची खोली मिळाली. मागे थोडी मोकळी जागा होती आणि गल्लीतून गोदामांकडे जाणारे ट्रक दिसायचे. ताईचे गुडघे तोवर गेलेले होते. खाली बसून काम होईना, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा बेंच करायचं ठरवलं. उभं राहून काम करता येईल असा, आणि पुढच्या अंगाला शिकंजा असलेला. शिकंजा म्हणजे स्क्रू फिरवून लाकूड घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पकड. "आता तुला कायमची सुट्टी," ती म्हणाली, "शिकंजा धरेल. तू आत पंख्याखाली बसून वाच." मी बरं म्हटलं. पण ते मला लागलं, हे आज लिहायला हरकत नाही. माझ्या हाताला कसलीही कला नाही. त्या घरातल्या सगळ्या कामांत माझं काम एवढं एकच होतं.

लाकूड तिला चाळीचंच हवं होतं. पाडकाम चालू झालं तेव्हा आम्ही दोघी बघायला गेलो. पत्र्याच्या कुंपणाआड आमच्या जिन्याच्या सागवानी पायऱ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या; जुना माल घेणाऱ्याचा टेम्पो यायचा होता. ताईने मुकादमाला त्या मागितल्या. तो हसला. "घिसेला माल है, माताजी. बीच में सब बैठ गया है." ताई म्हणाली, "मालूम है. हमने ही घिसा है." त्याने पायऱ्या दिल्या, आणि बेंचच्या पायांसाठी म्हणून तुळईचे दोन तुकडेही वर देऊ केले.

पुढचे कितीतरी दिवस ताई त्या पायऱ्यांवरून लोहचुंबक फिरवत होती. जुन्या लाकडात आतल्या आत तुटलेले खिळे असतात, आणि एका खिळ्याने रंध्याचं पातं जातं. खिळा सापडला की खडूने गोल करायचा, पकडीने ओढून काढायचा, पुन्हा चुंबक. मग तिने रंधा मारला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांचा, पान थुंकल्याचा, गणपतीत सांडलेल्या गुलालाचा तो काळा थर निघाला आणि खालून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं. त्याबरोबर सागाचा वासही आला, ताजा. ताईने रंध्यातून निघालेली एक ढलपी माझ्या नाकाशी धरली. "इतकी वर्षं पायाखाली होतं, पण आत बघ." झिजून खोलगट झालेली बाजू तिने खाली केली आणि सपाट बाजू वर. आजही बेंचच्या खालून हात फिरवला की एकेका पायरीचा खळगा लागतो. सांध्यांना तिने एकही खिळा वापरला नाही. खाच पाडायची, त्यात दुसऱ्या लाकडाचं टोक बसवायचं आणि वरून पाचर ठोकायची. ते सगळं कापताना फळीवर अर्थातच मी बसले होते. सुट्टी मिळायच्या आधीचं शेवटचं काम, असं मनाशी म्हणत.

बेंच उभा राहिला तेव्हा ताईने त्याला कमरेने एक जोराचा धक्का दिला. तो हलला नाही. तिने मलाही द्यायला लावला. मग ती इतकी हसली की तिला दम लागला, आणि तो दम बराच वेळ गेला नाही... तिच्या आजाराची ती सुरुवात होती.

शिकंजा आम्ही जुन्या बाजारातून आणला होता. ओतीव लोखंडाचा, जड. ताईने तो घासूनपुसून, तेल देऊन बेंचच्या खालच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवला. मी विचारलं की म्हणायची, "बोल्ट बरोबर मिळत नाहीयेत." मग म्हणायची, "बघू, पुढच्या रविवारी." त्याऐवजी उरलेल्या एका पायरीची तिने छोटी पायचौकी केली, झिजलेली बाजू वर ठेवून. बेंच उंच होता; त्यावर चढायला मला काहीतरी हवं होतं. तोवर धकवून घे, म्हणाली. मी त्या खळग्यात पाय देऊन वर चढायची, फळीच्या टोकावर बसायची आणि पुस्तक उघडायची. समोरच्या परबवहिनी येता-जाता म्हणायच्या, "बाईंनी तुम्हाला मखरात बसवल्यानी काय ओ?" ताई मान वर न करता सांगायची, "विसर्जन नाही हो हिचं. कायमची आहे."

तिचे कष्ट शेवटी शेवटी बघवत नव्हते. दोन हात मारले की ती थांबायची, पाठ टेकायची, पुन्हा करवत घ्यायची. मी एकदा न राहवून म्हटलं, "ताई, शिकंजा लाव की. तुझा त्रास तरी वाचेल." ती करवतीला मेण लावत होती. "लावते," म्हणाली. "तू वाच."

ती गेल्यावर काही आठवड्यांनी स्नेहल आली. ताईची शाळेतली विद्यार्थिनी, आता स्वतः एका शाळेत शिकवते. बाईंच्या बेंचवर रविवारी येऊन काम केलं तर चालेल का, असं तिने संकोचत विचारलं. मला बरं वाटलं. लाकडाला हात लागला नाही की ते लवकर मरतं, असं माझ्या मनात येत होतंच. पहिल्याच रविवारी तिने खाली वाकून फडकं सोडलं, शिकंजा उचलून बेंचच्या अंगाला लावून पाहिला. मग म्हणाली, "मावशी, बाईंनी भोकं पाडून ठेवलीयत. अगदी मापात. बोल्टही फडक्यात आहेत. नुसते आवळायचे होते... दहा मिनिटांचं काम."

मी जवळ जाऊन पाहिलं. भोकांच्या कडा तिने कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या. आत धूळ साचली होती, म्हणजे काम जुनं होतं. कदाचित बेंच उभा राहिला त्याच आठवड्यातलं. लोखंड थंड होतं. मी त्यावर हात ठेवला. स्नेहलने पाना हातात घेतला होता.

"आवळू?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "बसते मी."

तिने पाना खाली ठेवला. मी घरात जाऊन रुग्णालयात नेलेलं ते पुस्तक आणलं, मधलंच कुठलंतरी पान उघडलं, आणि पायचौकीवरच्या खळग्यात पाय देऊन माझ्या टोकाला जाऊन बसले. स्नेहलने फळीवर रेघ मारली आणि भाऊंची करवत हातात घेतली. थरथर लाकडातून वर आली. अक्षरं हलू लागली, आणि तेवढ्यापुरतं सगळं जागच्या जागी होतं. मी ओळीमागून ओळ वाचत गेले.

पान संपलं. माझा अंगठा सवयीने कोपऱ्याकडे गेला. करवत चालूच होती. स्नेहलला ते कुठून ठाऊक असणार... मी अंगठा मागे घेतला, न हलता बसून राहिले, आणि तेच पान पुन्हा वरून वाचायला घेतलं.