मानांग पासिंगच्या हातची खळ

“पगार मला इस्त्रीचा मिळतो. राग मी फुकट करते.”

मानांग पासिंग हे रोज एकदा तरी म्हणायची. चर्चच्या सिस्टरांनी चालवलेल्या मुलींच्या शाळेत, स्वयंपाकघरामागच्या लांबट खोलीत, ती बावीस वर्षं इस्त्री करत उभी होती. खोलीत शिरलेल्या माणसाला ती आधी रागवायची, मग ओळखायची. आमच्या पानाय बेटावर थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात. तिला तशी हाक मारताना मात्र मुलींचा आवाज आपोआप खाली यायचा.

मी तेरा वर्षांची असताना त्या खोलीत आले. आई तापाने गेली होती. बाप समुद्रावर गेला तो परत आलाच नव्हता. फी भरणारं कुणी नव्हतं, म्हणून सिस्टरांनी ठरवलं की मी शाळेतच राहावं, सकाळी वर्गात बसावं आणि दुपारनंतर इस्त्रीच्या खोलीत राबावं. मानांगने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“नाव?”

“देल्फिना.”

“एवढंसं अंग आणि एवढं लांब नाव. मी नुसतं इंदाय म्हणेन, सगळ्या पोरींना म्हणते तसं. कोळसे फुंकता येतात?”

“येतात, मानांग.”

“खोटं बोललीस. पहिल्याच दिवशी. बस इथे.”

त्या चार वर्षांइतकं सुख मला पुढे कधी लाभलं नाही. हे मी रागानेच लिहिते आहे. कारण शाळेच्या भिंतीवर आज ज्या देणगीदार बायकांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत, त्यांतल्या एकाही बाईने मला हे सुख दिलेलं नाही. ते जिने दिलं तिच्या नावाचा साधा खिळासुद्धा तिथे नाही.

कोळशाची इस्त्री तापली की ती आधी केळीच्या हिरव्या पानावरून फिरवायची. पान चरचरायचं, ओलसर गोड वास खोलीभर पसरायचा, आणि मग ती जड इस्त्री कापडावरून पाण्यावरच्या होडीसारखी जायची. साबुकंदाची खळ ती स्वतः शिजवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. वर्गातल्या श्रीमंत मुली चोरून तिथे यायच्या, कारण भाताच्या खरवडीवर तांबडी साखर घालून ती सगळ्यांना द्यायची. देताना शिव्याही द्यायची. “खा. आणि स्कर्टच्या चुण्या सारख्या करून बसत जा. तुमच्या बसण्याने माझी कंबर मोडते.”

दर सोमवारी आम्हांला व्हरांड्यात रांगेने गुडघ्यांवर बसवत. स्कर्टची कड फरशीला टेकली पाहिजे. नाही टेकली तर मुलगी घरी. मुली वाढायच्या, स्कर्ट कसा वाढणार? म्हणून पहिल्या वर्षीच मानांग प्रत्येक स्कर्टच्या आत चार बोटं कापड दुमडून ठेवायची आणि वर्षाला एक बोट सोडायची. चौथं बोट सुटलं की दम द्यायची, “आता वाढू नका गं बायांनो. पुढचं कापड माझ्याकडे नाही.”

बंदराच्या धक्क्याजवळ तिच्या घरात तोनियो नावाचा खलाशी होता. त्याची लग्नाची बायको वीस वर्षांपूर्वी त्याला सोडून मनिलाला गेली होती, पण आमच्या देशात कायद्याने लग्न मोडता येत नाही. म्हणून पासिंग आणि तोनियो बिनलग्नाचे राहत, आणि चर्चच्या लेखी ते पाप. म्हणूनच रविवारच्या मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, ती शेवटच्या बाकावर बसायची आणि येशूचं शरीर मानतात त्या ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत कधी उभी राहत नसे. वेदीवरचं पांढरं वस्त्र मात्र बावीस वर्षं तिच्याच हातून इस्त्री होऊन जायचं.

चौथ्या वर्षी मी शाळेत पहिली आले. पहिल्या मुलीची आई शेवटच्या दिवशी मंचावर चढते आणि आपल्या हाताने पोरीच्या छातीवर पदक लावते. आमच्याकडे बायका त्या एका क्षणासाठी जन्मभर राबतात. सिस्टर बेनिग्ना, आमच्या मुख्याध्यापिका, यांनी मला विचारलं, “तुझं पदक कोण लावणार?”

मी म्हटलं, “मानांग पासिंग.”

त्यांनी चष्मा काढला. मग मानांगला बोलावून घेतलं.

“पासिंग, माझी स्वतःची काही हरकत नाही. पण बिशप येणार आहेत. सगळं गाव बघणार. तुझ्या घरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.”

“बिशपांचा झगा कोण इस्त्री करतं?”

“तो विषय नाही.”

“कुठे टोचला का त्यांना? विचारून बघा.”

“पासिंग!”

“वेदीवरच्या कापडाला माझे हात चालतात. त्याच कापडावर तुम्ही येशूला ठेवता. आणि या पोरीला पदक लावायला चालत नाहीत? तो काय हिच्यापेक्षा कमी पवित्र आहे?”

सिस्टर बेनिग्ना वाईट बाई नव्हत्या. त्याचाच मला जास्त राग येतो. त्यांना सगळं कळत होतं, आणि तरी त्या टेबलाकडे बघत बसल्या. “दोन्या रेमेदियोस पदक लावतील,” त्या म्हणाल्या. “त्या देल्फिनाला इलोइलोच्या कॉलेजात शिकवायला तयार आहेत. पोरीचं भलं बघ.”

दोन्या म्हणजे बाईसाहेब; या रेमेदियोस म्हणजे गावाच्या चारी बाजूंच्या उसाची मालकीण. मानांग माझा दंड धरून बाहेर पडली.

इस्त्रीच्या खोलीत आल्यावर मी म्हटलं, “मी मंचावर जाणारच नाही.”

तिने इस्त्री अशी आपटली की ठिणग्या उडाल्या. “जाशील! माझे तळहात भाजले ते तू रुसून बसावंस म्हणून? कॉलेजात जायचंय तुला.”

“पण मला तूच हवीस.”

“पदक म्हणजे पत्रा आहे, पत्रा. राग करायला मी आहे ना? तू तुझं वेगळं दुकान मांडू नकोस.”

मग ती माझा ब्लाउज घेऊन बसली. त्याला तिने तीनदा खळ दिली. दर वेळी इस्त्री फिरवताना ओठ घट्ट मिटलेले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बँड वाजला, माझं नाव पुकारलं गेलं आणि मी मंचावर गेले. दोन्या रेमेदियोस अत्तराच्या वासासकट पुढे आल्या. पदक हातात घेतलं. पिन टोचली, ती शिरेना. पुन्हा टोचली, ती वाकली. माझा ब्लाउज पाटीसारखा ताठ उभा होता. अंगठ्या घातलेल्या त्या बोटांनी कधी सुई धरली असेल तर ना! सिस्टरांनी दुसरी पिन दिली. तीही घसरली, आणि दोन्याच्या बोटाला रक्त आलं. बँडची धून संपली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

तेवढ्यात मधल्या वाटेने रबरी चपलांचा आवाज आला.

मानांग पासिंग सरळ मंचावर चढली. बिशपांपुढे वाकली नाही, सिस्टरांकडे पाहिलं नाही. “व्हा बाजूला, दोन्या. असं नाही होत ते.” पिन घेतली, आपल्या तेलकट केसांतून दोनदा फिरवली आणि एका दमात कापडातून आरपार घातली. पदक लागलं. तिने माझी कॉलर चिमटीने सारखी केली. तिच्या हाताला कोळशाचा वास होता.

“ताठ उभी राहा,” ती म्हणाली.

दोन्या रेमेदियोस रुमालात बोट गुंडाळत सिस्टरांना म्हणाल्या, “हिलाच आणायचं होतं तर मला कशाला बोलावलंत?” त्या स्वरातच मला कळलं की इलोइलोचं कॉलेज गेलं. मानांगलाही कळलं असणार. तिचा जबडा हलला. पण ती थांबली नाही, माफी मागायला वळलीही नाही.

ती पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेने, पाठ ताठ ठेवून, उघड्या दारातून धक्क्याकडच्या रस्त्याला लागली. बिशप खुर्चीतून अर्धवट उठून बघत होते. सिस्टर बेनिग्ना हातातली वाकलेली पिन धरून बघत होत्या. आणि पहिल्या रांगेतल्या चौथ्या वर्षाच्या एकतीस मुली, ज्यांना कार्यक्रम संपेपर्यंत मान वळवायची सक्त मनाई होती, सगळ्यांच्या सगळ्या माना वळवून बघत होत्या.