किरणं दिलेलं रक्त

पनवेलच्या एका रक्तपेढीत एक माणूस माझ्या आणि बायकोच्या शेजारी बसला होता. बसण्याआधी त्याने रुमालाने खुर्ची पुसली आणि मग तोच रुमाल तोंडावरून फिरवला. वडिलांच्या ऑपरेशनसाठी रक्त न्यायला आला होता, पण फोन पावासारखा ओठांपुढे धरून न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरच्या गोष्टी साऱ्या खोलीला ऐकवत होता.

माझ्या मुलीचा बोनमॅरो बदलला होता, त्यामुळे तिला किरणं दिलेलंच रक्त लागायचं. रक्तपेढीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पिशवी तयार आहे. आजच चढवा, किरणं दिल्यावर रक्त फार टिकत नाही."

त्याने फोन बाजूला केला. "वहिनी, पोरीच्या अंगात अणुबॉम्ब भरताय काय? मी तर कुत्र्याला पण न्हाय देणार असलं रक्त."

बायकोने पुढे केलेला हात मागे घेतला.

"रक्तात किरणं उरत नाहीत," बाई तिला म्हणाल्या. "रक्त देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी तुमच्या मुलीवर उलटू नयेत, म्हणून त्या निकामी करतो."

"त्या तसंच बोलणार," तो हसला. बाईंनी त्याला विचारलं, "वडिलांसाठी तुम्ही रक्त द्याल का?" तेव्हा मात्र "मला कमजोरी येते" म्हणत गडी पुन्हा फोनला चिकटला.

पिशवी मी घेतली आणि हॉस्पिटलात मुलीकडे नेली. संध्याकाळी मुलीच्या ओठांवर रंग आला, तिने पेज मागितली. पण रक्त चढत होतं तोवर बायको नळीकडे बघत नुसती रडत होती. तो शहाणा तेव्हा घरी जेवून घोरत असेल.